महामायाच्या रिकाम्या बाटल्या

आधीच सांगून ठेवतो. मी एसटीत कंडक्टर होतो, मेहकर आगारात. नोकरी संपली, पण जोरात बोलायची सवय गेली नाही. भाचीबद्दल लिहायला बसलो तेव्हा माझी धाकटी बहीण अन्नपूर्णा म्हणाली, "भाऊ, लिहा, पन लिहिता लिहिता कोनासंगं भांडू नोका." मी म्हटलं, पाहू. बोलतो आम्ही वऱ्हाडी, लिहायला मात्र शाळेतलं मराठी घेतलं आहे. मधूनमधून घसरलो तर सांभाळून घ्या.

भाचीचं नाव महामाया. डॉक्टर महामाया. पण सुई टोचणारी डॉक्टर नाही, आणि हे गावाला पटवता पटवता माझा घसा कोरडा पडला. अजूनही कोणी ना कोणी गुडघा दाखवायला येतंच. तीही पोट्टी अशी की हाकलून देत नाही. गुडघा पाहते, हळहळते आणि दवाखान्याचा रस्ता दाखवते.

तिच्या विषयाचं नाव मेटाबोलोमिक्स. हा शब्द न अडखळता म्हणायला मला एक आख्खा पावसाळा लागला. तिनं मला तो असा समजावला: "मामा, गाडीत कोन कोन चढलं ते तुम्ही पाहत होते. चढलेला मानूस कुठं उतरला अन् उतरून त्यानं काय उद्योग केले, ते मी पाह्यते." म्हणजे भाकर पोटात गेली की तिची मोडतोड होऊन शेकडो बारीक द्रव्यं तयार होतात, रक्तात उतरतात, अंगभर फिरतात. त्यांतली कोणती कुठं गेली आणि कोणी काय केलं, हे सगळं एकाच वेळी मोजायचं. ज्वारी खाणाऱ्या बाईच्या रक्तात काय आहे, गहू खाणारीच्या रक्तात काय आहे, आणि आपल्या गावांत घरोघरी साखरेचा आजार का शिरला आहे, त्याचा माग काढायचा.

आमचं गाव जानेफळच्या थोडं अलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगणार आहे ते काही आमच्या एकट्या गावाचं नाही. महामायाचे वडील गवंडीकाम करायचे, ते लवकर गेले. अन्नपूर्णानं नारायणरावांच्या शेतात निंदण-खुरपण करून पोरीला वाढवलं. नारायणराव म्हणजे गावातलं मोठं घर, आणि गीताबाई त्यांची बायको. गीताबाईचा स्वभाव वाईट नव्हता. कामावरच्या बायांना तहान लागली की ती स्वतः उठून पाणी द्यायची. पण द्यायची ती वरून, ओंजळीत. तो जमाना गेला म्हणतात. गेला खरा, पण जाता जाता उंबऱ्यावर बराच रेंगाळला.

महामाया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मेहकरला कॉलेजात गेली, मग म्हैसूरला जाऊन डॉक्टर होऊन आली. तिकडं नोकरी होती, खोली होती, मान होता. ते सगळं सोडून ती परत आली आणि विद्यापीठाच्या मागं लागली, की अन्न आणि पोषणाच्या संशोधनाचं नवं केंद्र मुख्यालयात बांधू नका, जानेफळला बांधा. तिचं म्हणणं साधं होतं. पिकवणारे इथं, खाणारे इथं, आजारी पडणारे इथं, मग मोजणारे तिकडं काऊन? कित्येक बैठकांमध्ये तिनं हेच वाक्य म्हटलं. शेवटी साहेब लोक कंटाळून म्हणाले, बरं बाई, करून पाहा.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या एका सोसायटीच्या गोदामाची. आत उंदरांचं राज्य, वर पत्रे, बाजूनं ट्रकांचा रस्ता. आणि जे यंत्र यायचं होतं त्याला धूळ चालत नाही, हादरा चालत नाही, आणि वीज गेलेली तर मुळीच चालत नाही. मी म्हटलं, "बाई, हे यंत्र आपल्या बुलडाण्यात नांदीन कसं?" ती म्हणाली, "तुम्ही नांदले ना मामा, मग तेही नांदीन." बापासोबत काम केलेले जुने गवंडी तिनं गोळा केले. यंत्राखालची जमीन बाकीच्या फरशीपासून तोडून तिचा वेगळा पाया भरून घेतला, म्हणजे ट्रक गेला तरी हादरा त्या जमिनीपर्यंत पोचू नये. पत्र्याखाली छत घातलं, खिडक्या बुजवल्या, बॅटऱ्यांची एक खोलीच उभी केली. पायात चप्पल घालून आत शिरणाऱ्यावर ती अशी खेकसायची की मलाच माझी आठवण यायची.

पण यंत्र आलं तेव्हा विद्यापीठानं अट घातली. पहिला अभ्यास पूर्ण करा, समिती येऊन तपासेल. काम चोख निघालं तर केंद्र कायम जानेफळला. नाही निघालं तर यंत्र मुख्यालयात, आणि गोदाम पुन्हा गोदाम. एवढ्या वर्षांची तिची सारी धावपळ त्या एका तपासणीवर येऊन थांबली.

अभ्यास आमच्या भागातल्या गावांत सुरू झाला. बायांचं रक्त नर्स येऊन घेत होती, त्यात काही अडचण आली नाही. त्याशिवाय प्रत्येक घरी आम्ही दोन तपकिरी काचेच्या बाटल्या देत होतो. बोटाएवढ्या, अरुंद तोंडाच्या. एकीत घरचं पीठ भरायचं. दुसरी नुसती उघडायची, पीठ भरून होईपर्यंत शेजारी ठेवायची, झाकण लावायचं आणि रिकामीच परत द्यायची. मला हे आधी येडेपणाचं वाटलं. महामाया म्हणाली, "रिकाम्या बाटलीत काही निघालं, तं समजायचं का ते पिठातलं नाई, बाहेरून आलं. ही बाटली म्हंजे साक्षीदार हाये मामा." बाटल्या द्यायला आणि दुसऱ्या दिवशी आणायला केंद्राच्या जीपमध्ये मी असायचो. घरी बसून तरी काय करणार होतो.

समिती आली. प्रमुख होत्या पुष्पांजली मॅडम. पांढरा कोट, बारीक चष्मा, बोलणं मोजून. यंत्र सांभाळणारा आमचा संघपाल, सरळ पोरगा, त्यानं रिकाम्या बाटल्यांचे निकाल पडद्यावर लावले. रेघ सपाट यायला हवी होती. ती मध्येच टेकडीसारखी वर उठली. दुसऱ्या बाटलीची उठली, तिसरीची उठली. मॅडमनी जवळ जाऊन पाहिलं आणि विचारलं, "ही साखर आहे. रिकाम्या बाटलीत साखर कुठून आली?"

मॅडमची नजर फिरत फिरत संघपालच्या टेबलापर्यंत गेली. "इथं चहा पिता का?"

संघपाल चहा प्यायचा, पण बाहेर, चिंचेखाली. त्यानं सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, "मग तुमचं काम घाण आहे, नाहीतर तुमची प्रयोगशाळा. दोन्हींपैकी काही चालणार नाही. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा येऊ. तेव्हाही असंच असेल तर यंत्र हलवावं लागेल."

माझं डोकं असं तापलं की काय सांगू. घाण? ज्या पोरीनं उंदरांच्या बिळांमध्ये स्वतःच्या हातानं सिमेंट भरलं तिला घाण म्हणता? मी तोंड उघडणार तोच महामायानं माझा हात असा दाबला की आवाज आतल्या आत राहिला. मॅडमची गाडी गेल्यावर मी म्हटलं, "काऊन थांबवलं मले?" ती म्हणाली, "कारन मामा, साखर खरीच हाये. बाई खोटं नाई बोलली."

पुढचे दिवस वाईट गेले. चिंचेखालचा चहासुद्धा बंद. संघपालनं तर चहाच सोडला आणि डोकं धरून बसू लागला. नळ्या धुतल्या, बाटल्या पुन्हा पुन्हा धुतल्या, पाणी बदललं. केंद्रातच ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या यंत्रातून काढल्या, त्या साफ कोऱ्या. म्हणजे साखर गावांतून येत होती. पण सगळ्या घरांतून नाही. वसतिगृहाच्या मेसची बाटली कोरी होती. एकटे राहणारे वामनराव मास्तर, त्यांची कोरी होती. आणि माझी कोरी होती. मी विधुर माणूस.

"मामा," महामाया मला म्हणाली, "बाई नसलेल्या घरची बाटली कोरी काऊन निघाली?"

"आम्ही स्वच्छ राह्यतो मनून," मी म्हटलं. ती हसलीसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की पोट्टी खरंच घाबरली आहे.

उलगडा झाला तो अन्नपूर्णाच्या घरी. आम्ही दोघं दमून तिच्याकडे जेवायला गेलो होतो. शेजारणीचं पातेलं परत द्यायचं होतं. अन्नपूर्णानं ते घासलं, पुसलं, आणि दाराकडे जाता जाता थांबली. फळीवरचा डबा उघडून चिमूटभर साखर तिनं पातेल्यात टाकली आणि मग पातेलं देऊन आली. रोज होणारी गोष्ट. आमच्या आयांनी केली, त्यांच्या आयांनी केली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.

महामायाचा घास हातातच राहिला. "आई," ती म्हणाली, "माह्या बाटलीत काय टाकलं होतं व तू?"

"साखर," अन्नपूर्णा म्हणाली. "गूळ टाकनार होती, पन तोंड केवढंसं त्या बाटलीचं. गुळाचा खडा जायेच ना."

महामाया ताटावरून उठली, भिंतीला टेकून खाली बसली आणि पोट धरून हसली. मीही हसलो. तपकिरी काच, आतलं चिमूटभर काही बाहेरून दिसत नाही, आणि केंद्रात आल्या आल्या संघपाल प्रत्येक बाटलीत द्रावण ओतून हलवायचा. साखर विरघळून मोकळी. आणि ही डॉक्टरीण याच घरात वाढलेली, हेच पातेलं लहानपणी स्वतः शेजारी पोचवलेली, आणि तिच्या ध्यानात आलं नाही. परक्या गावची असती तर एक वेळ ठीक होतं.

आमचं हसू थांबलं तरी अन्नपूर्णा हसली नव्हती. तिनं विचारलं, "साऱ्याईच्या बाटल्यात होती का साखर?"

"बाया असलेल्या साऱ्याच घरच्या."

"गीताबाईच्या?"

"हाव. तिच्या तं सगळ्यात जास्त."

अन्नपूर्णा चुलीजवळ गेली आणि आमच्याकडे पाठ करून बोलली. "माह्या जन्मात त्या घरून आपल्या भांड्यात साखर नाई आली. आपलं भांडंच त्या घरात जात नोतं, तं येईन कशी?" मग म्हणाली, "बाटली तुही होती ना बाई. तुहं नाव लावून गेली होती."

महामायाला एवढा वेळ ज्याचं हसू येत होतं त्याच गोष्टीचं आता रडू आलं. मलाही आलं, खोटं कशाला सांगू. समितीनं जिला घाण म्हटलं ती साखर अशी होती. आणि आता आम्हाला दारोदार जाऊन सांगायचं होतं की बायांनो, ती टाकू नका.

सांगून पाहिलं. काही घरी नव्या बाटल्या दिल्या, हात जोडून समजावलं. बाया मान हलवायच्या, हाव बाई, नाई टाकत बाई. बाटल्या परत आल्या, यंत्रात गेल्या, टेकडी तिथल्या तिथं. गीताबाईनं निदान तोंडावर सांगितलं. "तू शिकलेली हायस, तुह्या ध्यानात येते. माहा हात मानत नाई. झाकन लावता लावता आपोआप डब्यात जाते."

घरी येताना महामाया जीपमध्ये एक बाटली हातात फिरवत होती. मग एकदम म्हणाली, "मामा, हात मानत नाई ना, मग हाताले दुसरं भांडं देऊ." बाटलीसोबत प्रत्येक घरी एक लहान स्टीलची डबी द्यायची. डबीत खाऊ घालायचा. डबी भरून परत येईल, मग बाटली रिकामी यायला हरकत नाही. मला हे लगेच पटलं. मी म्हटलं, "अन् डबीत लाडू. अन्नपूर्णाच्या हातचे. शेंगदाण्याचे."

अन्नपूर्णानं हातातलं काम थांबवलं. "माह्या हातचं नोको. दुकानातले पेढे आना."

"काऊन?"

"मोठ्या घरचे नाई घेतले तं? बाटली काचेची हाये भाऊ, तिले काय. लाडू माह्या चुलीवरचा."

महामाया म्हणाली, "आई मनते तं पेढे आनू." तेव्हा मात्र मी भडकलो. म्हटलं, दुकानातलं द्यायचं असेल तर मी जीपमध्ये बसत नाही, तुमचं तुम्ही पाहा. हिच्या हातचं कोणी नाकारलं तर ते मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं आहे. उगाच आधीच का हरायचं? माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. सकाळी पाहतो तर कढईत शेंगदाणे भाजत होते.

दिवाळीच्या आधी आम्ही फिरलो. दारोदार माझी एकच आरोळी, अगदी स्टँडवरची: "डबी भरून, बाटली रिकामी. डबी भरून, बाटली रिकामी." बाया हसायच्या, डबी उघडून पाहायच्या, पोरांच्या हातावर लाडू ठेवायच्या. गीताबाईच्या दारात मात्र माझी आरोळी जरा खाली आली. तिनं डबी उघडली. "कोनं केले लाडू?"

"माह्या आईनं," महामाया म्हणाली.

गीताबाईनं झाकण लावलं, डबी आणि बाटल्या घेऊन आत गेली. बरं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी डब्या परत आल्या त्या पाहायला पाहिजे होत्या तुम्ही. भाजलेल्या शेंगा, तिळाची चटणी, कुरड्या, वाळलेली बोरं, एका डबीत तर नुसते ताजे तीळ, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून. जीपला सणाच्या घरासारखा वास येत होता. गीताबाईनं बाटल्या दारातच दिल्या. डबी दिली नाही. "राहू दे डबी," ती म्हणाली आणि आत वळली. मी तोंड उघडणार होतो, महामायानं पुन्हा हात दाबला.

घरी अन्नपूर्णानं सगळ्या डब्या एकेक उघडून पाहिल्या. बोरं पाहून खूश झाली, कुरड्यांना नावं ठेवली. शेवटी विचारलं, "गीताबाईची?" महामाया म्हणाली, "येईन." अन्नपूर्णा म्हणाली, "नाई आली तरी काई नाई." पण फळीवर डब्या लावताना एका डबीची जागा तिनं रिकामी ठेवली, हे मी पाहिलं.

दिवाळी झाली, समिती आली. आता गावोगावच्या बायांनाही कळलं होतं की आपल्या बाटल्यांवर काहीतरी अडलं आहे. बायांनी भरलेले ऑटो येऊन थांबले, चिंचेखाली गर्दी झाली. यंत्राच्या खोलीला काच होती, तिला नाकं लावून बाया उभ्या राहिल्या. पुष्पांजली मॅडमनी कोणाला हात लावू दिला नाही, रिकाम्या बाटल्या स्वतः निवडल्या. संघपालनं त्या एकेक यंत्रात लावल्या. बिचाऱ्यानं अजून चहा घेतला नव्हता.

पहिली रेघ निघाली. सपाट. दुसरी सपाट. त्यांनी मुद्दाम मोठ्या घराची बाटली मागितली, आधी सर्वांत मोठी टेकडी जिची होती तिची. गीताबाईची. रेघ सुरू झाली आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी निघून गेली की मध्ये दगड नाही, धोंडा नाही.

काचेबाहेरून कोणीतरी ओरडून विचारलं, "काय निघालं वो त्यात?"

मी बाहेर येऊन सांगितलं, "काई नाई निघालं."

"काईच नाई?"

"काईच नाई बाप्पा."

आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. काही निघालं नाही म्हणून गावानं टाळ्या वाजवलेल्या मी तरी पहिल्यांदाच पाहिल्या. मॅडमनी विचारलं, "आधीची साखर गेली कुठं?" महामायानं सगळं सांगितलं, पातेल्यापासून डबीपर्यंत. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग संघपालला म्हणाल्या, "मी तुम्हाला चहावरून बोलले, ते चुकलं." पिठाचे आणि रक्ताचे निकाल त्यांनी दुपारभर तपासले. ज्वारी खाणाऱ्या बायांच्या रक्ताचं चित्र गहू खाणाऱ्यांपेक्षा वेगळं येत होतं, आणि आता ते पिठाचंच आहे, बाहेरचं नाही, असं छातीवर हात ठेवून म्हणता येत होतं. जाताना मॅडम म्हणाल्या, "यंत्र इथून हलणार नाही. केंद्र जानेफळलाच राहील." मला राहवलं नाही. भर समितीसमोर मी तोंडानं डबल घंटी दिली आणि त्यांची गाडी सोडली. महामाया गोदामाच्या पायरीवर उभी होती. तिनं भिंतीवर हात फिरवला, बाप कामावरून निघताना फिरवायचा तसा. मी इतका सुखी माझ्या स्वतःच्या लग्नातही नव्हतो.

संध्याकाळी आम्ही सगळे अन्नपूर्णाच्या घरी होतो. संघपाल दुसऱ्या कपावर होता. चिंचेखालच्या गर्दीत गीताबाई दिसली नव्हती, आणि तिचं नाव कोणी काढत नव्हतं. तेवढ्यात दारात सावली पडली. गीताबाईच होती. पदर खोचलेला, एका हातात आमची स्टीलची डबी, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेली चिनी मातीची बरणी. आमच्या गल्लीत ती आलेली मी कधी पाहिली नव्हती.

"उशीर झाला," ती अन्नपूर्णाला म्हणाली. "लिंबाचं लोनचं घातलं होतं. मुरल्याबिगर कसं आनू? अन् डबीत मावे ना, मनून बरनी आनली. जीपगाडीत कोनाच्या हाती देनार होती? ज्याचं भांडं त्याच्या घरी नेऊन द्या लागते."

अन्नपूर्णा उभीच राहिली. गीताबाईनं बरणी आणि डबी चुलीशेजारी ठेवली आणि कोणी बस म्हणायच्या आधी खाली बसली. "लाडू चांगले होते. गूळ जरा कमी पडला," ती म्हणाली. "पानी दे व जरा. लय चालली मी."

अन्नपूर्णानं माठातून पेला भरला. गीताबाईनं तो हातात घेतला, ओठाला लावला आणि सगळा रिकामा केला. चहाही घेतला. निघताना उंबऱ्यावर थांबून तिनं चुलीकडे बोट केलं.

"बरनी माही हाये. परत पायजे मले."

ती गेली. महामायानं डबी उचलून फळीवरच्या रिकाम्या जागेत ठेवली. अन्नपूर्णानं लगेच दुसऱ्या भांड्यात लोणचं काढायला घेतलं, बरणी घासली, पुसली, उन्हात ठेवायला ऊन नव्हतं म्हणून चुलीजवळ ठेवली. आणि मग घरातले सगळे डबे उघडून पाहत बसली, की आता ह्या बरणीत काय घालून द्यायचं.